साताचे सहा

आमच्या घरी लक्ष्मीपूजनाच्या पाटावर दरवर्षी सात जुने रुपये मांडतात. मधोमध चारमिनार, भोवती फारसी लिपीतली अक्षरे. हे निजामाचे हाली रुपये. आजीने ते कधी मोडू दिले नाहीत.

आमचे गाव बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातले. पलीकडे नगर जिल्हा, म्हणजे इंग्रजांचा मुलूख. अलीकडे निजामाचे राज्य. भाषा एक, सोयरीक एक, पंढरीची वाटही एक. पण मध्ये करोडगिरीचा नाका. आजोबा गाडीत ज्वारी घालून नगरच्या पेठेला निघाले की नाक्यावर जकात मोजायची. पेठेत कलदार मिळे, सारा मात्र हालीत भरायचा. सरकारी कागद उर्दूत. तो वाचून घ्यायला कुणाची तरी विनवणी करावी लागे.

13 सप्टेंबर 1948 रोजी भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या आणि 17 तारखेला निजामाने हार मानली. रझाकारांचा जाच संपला. त्या धामधुमीत सूडापायी संस्थानातले पुष्कळ निरपराध मुसलमानही मारले गेले, हे विसरून चालणार नाही.

राज्य पाच दिवसांत पालटले. नाणे पालटायला अकरा वर्षे लागली. 1950 पासून हालीबरोबर भारताचा रुपया चालू झाला. दर ठरला सात हालींना सहा. 1959 साली हाली कायमचे बंद झाले.

आजी म्हणाली, “अहो, सातातला एक गेला कुठे?”

आजोबा म्हणाले, “अगं, हा रुपया वजनदार. मोल तेवढंच.”

आजीला ते पटले नाही. तिने सात रुपये डब्यात बाजूला ठेवले.

आजी भोळी होती असे मला वाटे. पुढे वाचले, की 1990 साली पूर्व जर्मनी पश्चिमेत मिळाली, तेव्हा ठरावीक मर्यादेपुढच्या बचतीचे दोन मार्कांना एक मार्क असे झाले. तिथल्या आज्याही हेच पुसत असतील.

1 नोव्हेंबर 1956 रोजी मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात आले; 1 मे 1960 रोजी महाराष्ट्र झाला. 1953 च्या नागपूर करारात विकासाचा न्याय्य वाटा कबूल केलेला होता. तरी 1984 साली दांडेकर समितीला मराठवाड्याचा अनुशेष मोजावा लागला. नगरहून आष्टीला रेल्वे आली 2022 साली, बीडला 2025 साली.

नाका उठला, मनेही जुळली. एकत्र आल्याचे दुःख आम्हाला कधीच नव्हते. पण पाटावर ते सात रुपये मांडताना आजीचा प्रश्न आठवतो, आणि तो भोळा वाटत नाही.