बाजारात लावलेली सायकल

किराणा घ्यायला बाजारात आलेल्या माणसाची सायकल चोरीला जाण्याचा प्रकार सायकल घरोघरी पोहोचल्यावरच वाढला. आधी रॅले, हर्क्युलिस अशा विलायती सायकली मोजक्यांनाच परवडत. १९५१ मध्ये सोनीपतला अ‍ॅटलस आणि १९५६ मध्ये लुधियानात हीरो कंपनी सुरू झाली, तशी काळी, दांडीची सायकल शेतकऱ्याच्या दारातही दिसू लागली. चंदगडसारख्या डोंगराळ, धो धो पावसाच्या तालुक्यात डेअरीला दूध घालणाऱ्याला किंवा शाळा गाठणाऱ्या मुलाला तिचा मोठा आधार होता. सायकल गेली की रोजी बुडते, हे दुःख इटलीच्या व्हित्तोरिओ दे सिका या दिग्दर्शकाने १९४८ च्या एका चित्रपटात दाखवले. १९५२ मध्ये मुंबईच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात तो भारतीय प्रेक्षकांपुढे आला.

बाजारात सायकल लावायची म्हणजे भिंतीला टेकवायची किंवा दुसऱ्या सायकलींच्या रांगेत उभी करायची. मागच्या चाकाला बसवलेल्या गोल कुलपाची किल्ली फिरवली की दांडा आऱ्यांमधून पलीकडे जाई आणि चाक अडे. पण अडे ते चाकच. मागची बाजू उचलून सायकल सरळ ढकलत नेता येई. साखळीने खांबाला बांधणे याहून भरवशाचे, पण दुकानापुढे खांब मिळायला हवा.

खरी अडचण ओळखीची होती. सगळ्या सायकली एकसारख्या काळ्या. म्हणून मालक मडगार्डावर नाव रंगवून घेत, हँडलला गोंडे बांधत. चोराला ते काढून टाकायला वेळ लागत नसे. टिकणारी खूण एकच, सांगाड्यावर ठोकलेला क्रमांक. तो दुकानाच्या पावतीवर असे, आणि पावती जपली नसेल तर पोलिसांना क्रमांक सांगता येत नसे. शहरांत नगरपालिका कर घेऊन सायकलीला धातूचा बिल्ला देत. गावांसाठी १९५८ च्या मुंबई ग्रामपंचायत अधिनियमातील कलम १२४ ने सायकलीवर कर बसवण्याचा अधिकार ग्रामपंचायतींना दिला. हेतू महसुलाचा असला, तरी करनोंदीतून मालकीचा एक पुरावा तयार होई.

चंदगडला आणखी एक पेच होता. हा तालुका आधी बेळगाव जिल्ह्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बेळगाव म्हैसूर राज्यात गेले आणि चंदगड कोल्हापूर जिल्ह्यात आले. जुनी बाजारपेठ परराज्यात गेली. तिथे सायकल गेली तर तपास दुसऱ्या राज्याच्या पोलिसांचा. पोलीस ठाण्यांच्या हद्दीच्या अशा वादात तक्रारदाराची फरफट होऊ नये, म्हणून १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ ने गुन्हा कुठेही घडला असला तरी जवळच्या ठाण्यात नोंदवण्याची सोय कायद्यात आणली. त्याच दिवशी लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेनुसार पाच हजार रुपयांहून कमी किमतीच्या वस्तूची चोरी करून प्रथमच दोषी ठरलेल्याने ती वस्तू किंवा तिची किंमत परत केली, तर त्याला समाजसेवेची शिक्षा होते. पुष्कळ जुन्या सायकली या रकमेच्या आतच बसतात.