पूर ओसरल्यावर भिंत कशी वाळते?

पाणी किती चढलं, कोण कुठे अडकलं, जनावरं कशी सोडवली, अशा पुराच्या गोष्टी आपण पुष्कळ ऐकतो. पाणी उतरल्यावर घर कसं वाळवलं, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. ते काम बहुतेक बायकांच्याच वाट्याला येतं. म्हणून आज आम्ही त्याचाच इतिहास सांगणार आहोत.

सुरुवात नरसोबाच्या वाडीपासून करू. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरच्या या दत्तमंदिरात पावसाळ्यात नदी आत येते. पाणी पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दाराने बाहेर पडलं, की दक्षिणद्वार सोहळा होतो. उत्सवमूर्ती आधीच उंचावर हलवलेली असते. पाणी उतरलं की गाळ काढायचा, देऊळ धुवायचं आणि पूजा पुन्हा सुरू. हे जमतं, कारण बांधकाम दगडी आहे. दगड फार पाणी पीत नाही.

आपली जुनी घरं माती, विटा आणि लाकडाची. भिंतीवर शेणमातीचा हात, ऐपत असेल तिथे बैलाच्या घाणीत मळलेल्या चुन्याचा गिलावा. माती आणि चुना ओल आत घेतात आणि ऊन-वारा मिळाला की सोडूनही देतात. पावसाळ्यात भिंत ओलावायची, भाद्रपद सरता सरता वाळायची. मग घटस्थापनेआधी बायका पोपडे खरवडून, भेगा लिंपून नवं सारवण करायच्या. घर वाळवण्याची विद्या अशी दरवर्षी हातातून हातात जात होती.

पण मातीची भिंत तुंबलेल्या पाण्यात टिकत नाही. १२ जुलै १९६१ रोजी पुण्यात ते दिसलं. पानशेतचं काम अपुरं असलेलं धरण सकाळी फुटलं, त्या लोंढ्याने खडकवासल्याचं जुनं धरणही फुटलं आणि मुठाकाठच्या पेठांत पाणी शिरलं. पाणी फार काळ थांबलं नाही, तरी तेवढ्यात भिंतींची माती विरघळली आणि वाडेच्या वाडे बसले. खडकवासला गेल्यामुळे नळही कोरडे पडले. घराघरांत चिखल आणि तो धुवायला पाणी नाही, अशी गत झाली. लोक पुन्हा जुन्या विहिरींकडे वळले.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीला आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली. सांगली-कोल्हापूरकडच्या कितीतरी गावांत पाणी दिवसेंदिवस तुंबलं. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. तोवर बरीच घरं सिमेंटची झाली होती. सिमेंटचं घर सहसा बसत नाही, हा मोठा फायदा. पण आतली वीट पाणी पिऊन बसते, आणि वरचा सिमेंटचा गिलावा व ऑइलपेंट ती ओल बाहेर पडू देत नाहीत. घाईने रंग दिला, की काही महिन्यांत फुगे येतात, लोणा फुटतो, कुबट वास सुटतो, कोपऱ्यात काळी बुरशी धरते. लेकरांचा आणि म्हाताऱ्यांचा खोकला हटत नाही.

बांधकामातला एक जुना ठोकताळा आहे: भिंतीच्या जाडीच्या एका इंचाला वाळायला साधारण एक महिना. म्हणजे नऊ इंची भिंतीला आठ-नऊ महिनेही लागू शकतात. ऊन-वाऱ्याप्रमाणे कमीजास्त होईल, पण श्रावणातल्या पुराची ओल दिवाळीपर्यंत जात नाही, हे नक्की.

मग करायचं काय? आधी पाण्याच्या खुणेचे फोटो काढा, पंचनाम्याला लागतात. भिंत फुगलेली किंवा कललेली असेल तर आत जाऊ नका; पाणी गेल्यावरही भिंत पडते. वायरमनने तपासल्याशिवाय बटण दाबू नका. गाळ ओला असतानाच काढा. कपाटं, कणग्या भिंतीपासून हातभर पुढे ओढा. समोरासमोरची दारं-खिडक्या उघडी ठेवा. पोकळ वाजणारा गिलावा पाण्याच्या खुणेच्या हातभर वरपर्यंत काढून टाका. लोणा कोरड्या ब्रशने झाडा. धुतलात तर तो पुन्हा भिंतीत मुरतो. भट्टी पेटवून भिंत शेकू नका, तिला तडे जातात. वाळली का, हे पाहायला प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटवून रात्रभर ठेवा. सकाळी आतून थेंब दिसले, तर अजून थांबायचं. निवारा म्हणून घाई असेल, तर तात्पुरता चुन्याचा हात द्या. त्यातून भिंत वाळत राहते.

पुराच्या वर्षीची दिवाळी बिनरंगाच्या भिंतीत काढावी लागली, तर त्यात कमीपणा मानू नका. पुढच्या उन्हाळ्यात दिलेला रंग टिकेल. आणि त्या दिवाळीत गटातली एखादी रंगासाठी कर्ज मागायला आली, तर सही करण्याआधी दोघीतिघींनी तिच्या घरी जा आणि भिंतीला हात लावून बघा.