मायलोमा आणि सोबतीचे उपचार: प्रस्तावना

1844 साली लंडनचे शल्यविशारद सॅम्युएल सॉली यांनी एका स्त्री-रुग्णाची हकिगत प्रसिद्ध केली. तिची हाडे ठिसूळ होऊन मोडत चालली होती. तिला संत्र्याच्या सालीचा काढा दिला जाई, रेवाचिनीची गोळी दिली जाई आणि रात्री अफू. मल्टिपल मायलोमा या अस्थिमज्जेच्या दुर्मीळ कर्करोगाचे हे पहिले सविस्तर वर्णन मानले जाते. म्हणजे त्यावरच्या उपचारांचा लिखित इतिहास वनस्पतींपासूनच सुरू होतो. काढ्याने आणि गोळीने रोग हटला नाही. अफूने वेदना मात्र शमल्या असणार, कारण तिच्यातले मॉर्फीन आजही त्याच कामासाठी वापरात आहे. या विषयात पाऊल टाकणाऱ्या वाचकाने ही हकिगत जवळ ठेवावी. द्रव्य निसर्गातून आले का, हा प्रश्न नंतरचा. ते कोणत्या त्रासावर, किती मात्रेत आणि कोणत्या औषधाच्या जोडीने घ्यायचे, हे आधी विचारायचे.

आजाराचे स्वरूप थोडक्यात असे. प्रतिपिंडे बनवणाऱ्या प्लाझ्मा पेशींचा एकच वंश मज्जेत बेसुमार वाढतो. त्याचे निरुपयोगी प्रथिन मूत्रपिंडांना जाचते, हाडे झिजून कॅल्शियम रक्तात उतरते, हिमोग्लोबिन घसरते. आजार सहसा समूळ जात नाही. पण बोर्टेझोमिब, लेनालिडोमाइड ही औषधे आणि स्वतःच्याच मूलपेशींचे प्रत्यारोपण यांमुळे पुष्कळ रुग्ण आता वर्षानुवर्षे जगतात. या वर्षांमध्ये थकवा असतो, तळपायांना मुंग्या येतात, स्टेरॉइडच्या दिवशी रात्रभर झोप लागत नाही. सोबतीच्या उपचारांची खरी जागा इथे आहे.

घरातून पहिली सूचना येते ती हळदीची. ती हसण्यावारी नेऊ नये. हळदीतल्या कर्क्युमिनच्या लहान चाचण्या ऑस्ट्रेलियात मायलोमाच्या आधीच्या टप्प्यांतल्या लोकांवर झाल्या, आणि काहींचे प्रथिन थोडे उतरलेही. मात्रा होती रोज 4 ग्रॅम कर्क्युमिन, काहींना त्याहूनही जास्त. हळदीत कर्क्युमिन साधारण 3 टक्के धरले, तर 4 ग्रॅमसाठी रोज सव्वाशे ग्रॅमहून अधिक हळद लागेल. आमटीतली चिमूटभर हळद हा आहार आहे, तो आनंदाने घ्यावा. मिरीचा अर्क घातलेली कॅप्सूल ही वेगळी वस्तू. मिरीतले पायपरिन कर्क्युमिन जास्त शोषू देते, तसेच इतर औषधांचे रक्तातले प्रमाणही बदलू शकते.

ग्रीन टीची गोष्ट मला त्याहून महत्त्वाची वाटते. 2009 साली कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी प्रयोगशाळेत आणि उंदरांवर दाखवून दिले, की ग्रीन टीतले एक प्रमुख द्रव्य बोर्टेझोमिबला थेट चिकटते आणि औषध निष्प्रभ करते. कर्करोगाला आवर घालील म्हणून ज्याचा अर्क लोक घेत होते, तेच औषधाच्या आड येत होते. 2021 मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या काही जणांच्या यकृताला झालेल्या इजेची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षाला आक्षेप घेतला. वाद असला तरी केमो चालू असताना गुळवेलीचा काढा डॉक्टरांपासून लपवू नये, एवढे त्यातून घ्यावेच. अशक्तपणावर हक्काचे मानलेले शहाळेसुद्धा क्रिएटिनीन वाढलेल्या रुग्णाला पोटॅशियममुळे घातक ठरू शकते. पाऱ्याची भस्मे तर दुखावलेल्या मूत्रपिंडांपासून लांबच बरी.

हाडांविषयी मी आग्रहाने लिहितो. या आजारात पाठदुखी हे पुष्कळदा पहिले लक्षण असते, आणि आपल्याकडे पाठ धरली की माणूस मालीशवाल्याकडे किंवा हाडवैद्याकडे जातो. पोखरलेल्या मणक्यावर जोर पडला तर तो खचतो. मज्जारज्जू दबला तर पायांतली ताकद जाऊ शकते. पश्चिमोत्तानासन, हलासन अशी पाठ वाकवणारी आसनेही टाळावीत. चालणे, प्राणायाम, फिजिओथेरपिस्टने बसवून दिलेला व्यायाम यांनी मात्र थकवा कमी होतो, झोप सुधारते. हलका, मायेचा हात फिरवायलाही कुणाची ना नाही.

सोबतीच्या उपचारांचे हे क्षेत्र रुग्णांचे आहे, घरच्यांचे आहे, वैद्यांचे आणि रक्तविकारतज्ज्ञांचेही आहे. वैद्यांनी रिपोर्ट मागून घ्यावेत. डॉक्टरांनी काढ्याविषयी रागावून नव्हे, कुतूहलाने विचारावे, म्हणजे रुग्ण खरे सांगतील. अभ्यास कसा करता येतो, याचे एक उदाहरण असे: न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या कर्करोग रुग्णालयात उर्वी शाह यांच्या गटाने मायलोमाच्या आधीच्या टप्प्यातल्या, वजन जास्त असलेल्या 20 जणांना 12 आठवडे वनस्पतिजन्य आहार देऊन पाहिला. वजन उतरले, आतड्यातल्या जीवाणूंची विविधता वाढली. गट लहान आहे, पण प्रश्न नेमका विचारलेला आहे. ज्वारीची भाकरी, मोड आलेली मटकी, पालेभाजी हे ज्यांचे रोजचे जेवण, त्यांच्यावर असा अभ्यास आपल्या रुग्णालयांत करता येईल. तो करणारे विद्यार्थी या पुस्तकाच्या वाचकांतून पुढे यावेत, अशी माझी फार इच्छा आहे.