डॉ. झोंडेक आणि गर्भनिदान

पाळी चुकली म्हणजे दिवस गेलेच असें नव्हे, हें घरांतील वडीलधाऱ्या बायका पूर्वापार जाणून आहेत. आजार, अशक्तता, मनाला लागलेली काळजी, यांपैकीं कोणत्याहि कारणानें पाळी लांबते. म्हणून पोटांत गर्भाची हालचाल जाणवेपर्यंत, म्हणजे चार-पांच महिने, वाट पाहण्यावांचून स्त्रीला गत्यंतर नसे. प्राचीन इजिप्तमधील वैद्य स्त्रीचें मूत्र गहूं व जव यांवर ओतून त्यांना अंकुर फुटतात कीं काय तें पाहत. उत्तर मूत्रांत शोधावें ही त्यांची कल्पना चुकीची नव्हती. परंतु त्या मूत्रांत नेमकें काय असतें हें कळण्यास विसावें शतक उजाडावें लागलें. तें श्रेय बर्लिन येथील दोन वैद्यांकडे जातें. एक सेल्मार आशहाइम व दुसरे बर्नहार्ड झोंडेक.

झोंडेक यांचा जन्म १८९१ सालचा. बर्लिनच्या शारिते या नामांकित रुग्णालयांत स्त्रीरोगांचे वैद्य म्हणून काम करीत असतां अंडाशयाला चालना कोण देतें, या प्रश्नानें त्यांना पछाडलें. १९२६-२७ च्या सुमारास त्यांनीं व आशहाइम यांनीं वयांत न आलेल्या उंदरींच्या शरीरांत पिट्यूटरी ग्रंथीच्या पुढील भागाचे लहानसे तुकडे बसविले. थोड्याच दिवसांत त्या उंदरी अकालीं प्रौढ झाल्या! मेंदूच्या तळाशीं असलेली ही वाटाण्याएवढी ग्रंथि अंडाशयावर हुकमत चालविते, हें यावरून उघड झालें. अमेरिकेंत फिलिप स्मिथ हेहि स्वतंत्रपणें याच निष्कर्षाप्रत आले होते.

यानंतर दोघांची दृष्टि गर्भिणीच्या मूत्राकडे वळली. अशा मूत्राच्या टोंचण्या लहान उंदरींना दिल्या असतां अंडाशयावर तोच परिणाम दिसूं लागला. यांतूनच १९२७-२८ सालीं त्यांची प्रसिद्ध कसोटी निघाली. स्त्रीचें सकाळचें पहिलें मूत्र घ्यावयाचें, पांच लहान उंदरींना त्याच्या टोंचण्या द्यावयाच्या आणि सुमारें शंभर तासांनीं त्यांचे अंडाशय तपासावयाचे. त्यांवर रक्ताचे लाल ठिपके उमटले असतील तर स्त्री गर्भवती आहे. या परीक्षेंत चूक क्वचितच होई. मात्र प्रत्येक उत्तरासाठीं त्या मुक्या प्राण्यांचा बळी पडे. द्राक्षगर्भ काढल्यावरहि कसोटी होकार देत राहिली, तर आंत कर्करोग मूळ धरीत असल्याची शंका वैद्यास वेळींच येऊं लागली. अशा रुग्णाच्या दृष्टीनें हा केवळ कुतूहलाचा प्रश्न नव्हता.

गंमत अशी कीं, कसोटी अचूक ठरली, पण तिची उपपत्ति चुकली. मूत्रांतील द्रव्य पिट्यूटरींतूनच येतें, असें या दोघांनीं मानलें होतें. १९३८ सालीं अमेरिकेंतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांत वारेच्या पेशी कांचपात्रांत वाढविण्यांत आल्या, तेव्हां तें द्रव्य त्या पेशीच निर्माण करितात असें आढळलें. गर्भाबरोबर वाढणारी वारच आपल्या अस्तित्वाची वर्दी देत होती.

तोंवर झोंडेक बर्लिनमध्यें राहिले नव्हते. १९३३ सालीं नाझी सत्तेवर आले आणि स्पांडाऊ येथील रुग्णालयांत स्त्रीरोग विभागाचे प्रमुख असलेल्या झोंडेकना, ते ज्यू असल्यामुळें, पदावरून दूर करण्यांत आलें. आशहाइम यांनाहि पुढें फ्रान्समध्यें आश्रय घ्यावा लागला. झोंडेक प्रथम स्टॉकहोमला व १९३४ मध्यें जेरुसलेमला गेले. या उलथापालथींतहि काम थांबलें नाहीं. त्याच वर्षीं त्यांनीं एक विलक्षण गोष्ट प्रसिद्ध केली: स्त्रीत्वाचें म्हणून समजलें जाणारें ईस्ट्रोजेन हें हॉर्मोन घोड्याच्या, म्हणजे पूर्ण वाढ झालेल्या नराच्या, मूत्रांत विपुल सांपडतें. स्त्री व पुरुष यांचीं हॉर्मोनें अगदीं निराळीं असतात, या समजुतीला त्यामुळें धक्का बसला. जेरुसलेमच्या हदासा रुग्णालयांत त्यांनीं पुढें अनेक वर्षें रुग्णसेवा, संशोधन व अध्यापन केलें. १९६६ सालीं त्यांचें निधन झालें.

उंदरांची जागा पुढें सशांनीं व आफ्रिकेंतील बेडकांनीं घेतली. बेडकी अंडीं घाली व जिवंत राही, एवढी तरी सुधारणा झाली. १९६० सालीं स्वीडनमध्यें प्रतिद्रव्यांची रीत निघाली आणि या कामीं प्राण्यांची गरज उरली नाहीं. आज औषधाच्या दुकानांत मिळणारी पट्टी कांहीं मिनिटांतच उत्तर देते. चार-पांच महिन्यांची ती हुरहूर आतां कोणाच्या वांट्याला येत नाहीं. परंतु ती पट्टी ज्या द्रव्याचा शोध घेते, तें बर्लिनमधील उंदरींच्या अंडाशयांवर लाल ठिपके उमटविणारेंच द्रव्य होय.