रावळगाव : चॉकलेटच्या कागदावरचं गाव



आपल्या निपाणी-बेळगावकडं कागदात गुंडाळलेली कुठलीही गोड गोळी म्हणजे चॉकलेट. त्यात कोको असो वा नसो. आमची आजी तर सरसकट पेपरमिंटच म्हणायची. पण एक चॉकलेट आम्ही नावानं मागायचो, "अण्णा, दोन रावळगाव द्या." साठच्या दशकात निपाणीत शाळेला होतो. मला वाटायचं, लिमलेटसारखंच हे चवीचं नाव असणार. ते नाशिक जिल्ह्यात, मालेगाव तालुक्यातलं खरंखुरं गाव आहे असं वडिलांनी सांगितलं, तेव्हा शाळेचा नकाशा काढून शोधत बसलो. सापडलं नाही.

सोलापूरच्या वालचंद हिराचंद दोशींनी तिथली माळाची जमीन घेतली, ती ऊस पिकण्याजोगी केली आणि 1933 मध्ये साखर कारखाना काढला. 1942 पासून त्याच नावानं गोळ्या निघू लागल्या. साखर घरचीच, म्हणजे कच्च्या मालाचा प्रश्नच मिटला. हेच गृहस्थ 1940 मध्ये म्हैसूर सरकारला बरोबर घेऊन बेंगळूरला विमानाचा कारखाना काढत होते! विमानं, जहाजं आणि पोरांच्या तोंडातली गोळी, सगळं एकाच माणसाच्या डोक्यात.

मला मौज वाटते ती नावाची. त्यांच्याच दुसऱ्या साखर कारखान्यापायी इंदापूर तालुक्यातल्या कळंबचं वालचंदनगर झालं. आपल्या बेळगावात सायकलचं दुकान चालवणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर 1910 मध्ये इथून उठून कुंडल रोडला गेले, त्याची किर्लोस्करवाडी झाली. (बेळगावनं काय गमावलं, हा वेगळ्या पोस्टचा विषय.) म्हणजे माणसाचं नाव गावाला. चॉकलेटच्या बाबतीत उलटं झालं, गावाचं नाव मालाला. पार्लेचंही तसंच, 1929 ची ती कंपनी विलेपार्ल्याची.

पुढं पान पसंद आलं. आमचं निपाणी तंबाखूचं गाव, पण लग्नकार्यात पानाच्या तबकात पान पसंद असायचंच. ज्यांना पान वर्ज्य ते हे चघळत.

फेब्रुवारी 2024 मध्ये बातमी वाचली. रावळगाव कंपनीनं पान पसंद, मँगो मूड वगैरे नावं आणि त्यांच्या कृती रिलायन्सच्या कंपनीला 27 कोटींना विकल्या. जमीन, इमारत, मशिनरी मात्र विकली नाही. मी दोनदा वाचलं. बी.कॉम.ला गुडविलचं मूल्यांकन शिकलो होतो, पण बँकेत उभी हयात तारण म्हणून जमीन, यंत्रं आणि गोदामातला मालच लिहून घेतला. नुसतं नाव घेऊन कुणी कर्जाला आला असता तर मीच परत पाठवला असता. इथं यंत्रं मागं राहिली आणि नाव विकलं गेलं.

आणि नावाचं मोल आपल्याला कुणी शिकवायला नको. मुंबई राज्यात होतो, 1956 मध्ये म्हैसूर राज्यात गेलो. 1 नोव्हेंबर 2014 पासून सरकारी कागदावर बेळगावचं बेळगावी झालं. घरात मात्र अजून बेळगावच.

परवा नातवाला हे सगळं सांगत होतो. त्यानं मोबाइलवर रावळगाव मिनिटात काढून दाखवलं. म्हणाला, "आजोबा, एवढंसं तर आहे!"

तुमच्या गल्लीतल्या दुकानात बरणीत कुठली चॉकलेटं असायची? आठवतील ती नावं लिहा.