डांबरी रस्त्यावर धावताना नडगी का दुखते?

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की गावोगावच्या डांबरी रस्त्यांवर धावणारी मुले-मुली दिसू लागतात. घोडेगावहून डिंभे धरणाकडे किंवा मंचरकडे जाणारा रस्ताही त्याला अपवाद नाही. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर आणि राज्य राखीव पोलीस दलासाठी ५ किलोमीटर धावावे लागते. धावण्यासाठी वेगळी वाट नसते, त्यामुळे रस्ता हेच मैदान. आणि तीन-चार आठवड्यांत तक्रार सुरू होते : "डॉक्टर, नडगी दुखतेय."

नेमके काय होते?

दोष एकट्या डांबराचा नसतो. नियमित धावले की दम काही आठवड्यांत वाढतो, पण हाडाला महिने लागतात. ताण वाढल्यावर शरीर आधी हाडाचा जुना भाग झिजवते आणि मग तिथे नवे हाड भरते. झिजवण्याचे काम साधारण तीन आठवड्यांत होते, भरण्याला मात्र तीन महिन्यांच्या आसपास वेळ जातो. मधल्या काळात हाड पूर्वीपेक्षा थोडे कमकुवत असते. नेमके तेव्हाच दम वाढलेला असल्यामुळे तुम्ही अंतर दुप्पट करता.

साधे दुखणे की हाडाला तडा?

हा फरक तुम्हाला घरीच बराचसा ओळखता येतो. नडगीच्या आतल्या कडेने, खालच्या भागात वीतभर लांबीत दुखत असेल, धावायला सुरुवात केल्यावर दुखून अंग तापल्यावर कमी होत असेल, तर ते बहुधा 'शिन स्प्लिंट' असते. अंतर निम्म्यावर आणा, धावून आल्यावर बर्फाने शेका, पोटरीचे ताण द्यायचे व्यायाम करा. बहुतेकांना काही आठवड्यांत आराम पडतो.

बोटाच्या टोकाने दाबल्यावर एकाच जागी जीव जाईल असे दुखते, धावताना वेदना वाढतच जाते, चालताना किंवा रात्री झोपेतही ठणकते, एका पायावर उडी मारवत नाही : ही लक्षणे 'स्ट्रेस फ्रॅक्चर'ची, म्हणजे हाडाला बारीक तडा गेल्याची असू शकतात. त्याच दिवसापासून धावणे बंद करा आणि डॉक्टरांना दाखवा. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रेमध्ये हा तडा बरेचदा दिसत नाही. "फोटो नॉर्मल आहे, पळ" हा सल्ला म्हणूनच धोक्याचा. शंका राहिली तर एमआरआय करतात. सहा ते आठ आठवडे विश्रांती घेतली तर बहुतेक तडे भरून येतात. तसेच धावत राहिलात तर हाड पूर्ण मोडू शकते. धावताना जांघेत दुखत असेल तर त्या पायावर भार न देता लगेच दाखवा, कारण खुब्याच्या हाडाचा तडा सरकला तर शस्त्रक्रिया करावी लागते.

वेदनाशामक गोळी किंवा इंजेक्शन घेऊन सराव करू नका. दुखणे थांबते, तडा वाढतच असतो; शिवाय घाम गाळून शरीरातले पाणी कमी झाले असताना ही औषधे मूत्रपिंडाला इजा करू शकतात. 'स्टॅमिना'साठी कोणी काही टोचायला दिले, तर त्याबद्दल मी एवढेच म्हणेन : नको.

मुलींसाठी वेगळे सांगायला हवे. वजन उतरवण्यासाठी जेवण कमी केले आणि पाळी लांबली किंवा थांबली, तर हाडे ठिसूळ होऊ लागली आहेत असे समजा. पाळी थांबणे हे सराव चांगला चालल्याचे लक्षण मुळीच नाही. भाकरी, डाळ, दूध, अंडी पोटभर खा.

रस्ता आणि वेळ

डांबरी रस्ता मध्ये उंच आणि कडेला उतरता असतो. कायम एकाच कडेने धावलात तर एका पायावर जास्त ताण येतो. समोरून येणारी वाहने दिसावीत म्हणून उजव्या कडेने धावायचे हे खरे, पण आठवड्यातले दोन-तीन दिवस तरी शाळेच्या मैदानावर किंवा सपाट मातीच्या वाटेवर धावा. पावले लांब टाकण्यापेक्षा आखूड आणि भरभर टाका, हाडावरचा मार कमी होतो.

जुन्नर-आंबेगावात उसाला लागून असलेल्या रस्त्यावर अंधारात एकट्याने धावू नका. बिबट्या मुख्यतः अंधारातच वावरतो. उजाडल्यावर, तिघा-चौघांनी बोलत, बॅटरी घेऊन जा. बुटाची नाडी बांधायला उसाच्या कडेला वाकून बसू नका. बिबट्या दिसलाच तर पळू नका. त्याच्याकडे तोंड ठेवून, हात वर करून, मोठ्याने आवाज करत हळूहळू मागे या. वन विभागाची हेल्पलाइन १९२६ आहे. कुत्रा चावला तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा.

पुन्हा धावायला केव्हा?

अर्धा तास झपाझप चालून अजिबात दुखत नसेल आणि हाड दाबल्यावरही दुखत नसेल, तेव्हा. एक मिनिट धावणे, दोन मिनिटे चालणे असे २० मिनिटे, एक दिवसाआड. दुसऱ्या दिवशी दुखले तर आधीच्या टप्प्यावर परत या. विश्रांतीच्या काळात सायकल चालवलीत तर दम बराचसा टिकून राहतो.