फळ्यांच्या घराची किंमत

जुन्या वास्तूंचा विषय निघाला म्हणजे आपल्या डोळ्यांसमोर किल्ला, देऊळ किंवा एखाद्या सरदाराचा वाडा उभा राहतो. लाकडी फळ्यांचे साधे घर कोणी वारसा म्हणून दाखवू लागला, तर आपल्याला हसूच येईल. तरीही आम्ही आज अशाच एका घराकडे आपणांस नेणार आहोत. ते आहे न्यूझीलंडमधील वेलिंग्टन शहरात, नेर्न स्ट्रीटवर.

राणी व्हिक्टोरियाच्या अमदानीत, 1858 साली, विल्यम वॉलिस नावाच्या सुताराने ते आपल्या कुटुंबासाठी बांधले. अशा घरांची रचना साधी, पण विचारपूर्वक केलेली असते. आधी लाकडी वाशांचा सांगाडा उभा करायचा आणि त्यावर बाहेरून आडव्या फळ्या ठोकायच्या. वरच्या फळीची कड खालच्या फळीवर थोडी चढवायची, आपल्या छपरावर कौलावर कौल चढते तशी. मग पावसाचे पाणी आत न शिरता बाहेरच्या बाहेर निथळून जाते.

लाकूडच का निवडले? त्याचे उत्तर जमिनीने दिले. 1848 च्या ऑक्टोबरात वेलिंग्टनला मोठा भूकंप झाला. पुढे 23 जानेवारी 1855 रोजी त्याहूनही भयंकर भूकंप झाला. त्याची तीव्रता सुमारे 8.2 होती असे मानतात. विटांच्या भिंती आणि धुराडी कोसळली. हलकी, सांध्यांत थोडी लवचीक अशी लाकडी घरे हेलकावली, पण बहुतेक उभी राहिली. शहराने हा धडा घेतला. 1876 साली सरकारी कचेऱ्यांची प्रचंड इमारतसुद्धा लाकडातच उभी राहिली. थाट मात्र दगडी वाड्याचा! वॉलिसचे घर दुसऱ्या भूकंपानंतर अवघ्या तीन वर्षांनी बांधलेले आहे. तो धडा तेथे आजही भिंतीवर वाचता येतो.

त्याच भागातील आणखी एका सुताराची आठवण केल्याशिवाय आम्हांस पुढे जाववत नाही. 1840 साली सॅम्युएल पार्नेल हा लंडनचा सुतार तेथे उतरला. एका व्यापाऱ्याने त्याला वखार बांधायला सांगितली. पार्नेलने अट घातली : दिवसाला आठ तासच काम करीन. वसाहतीत सुतार मोजकेच होते, तेव्हा व्यापाऱ्याला ती अट मान्य करणे भाग पडले. 28 ऑक्टोबर 1890 रोजी वेलिंग्टनच्या कामगारांनी मिरवणूक काढून म्हाताऱ्या पार्नेलचा सन्मान केला. त्याच वर्षी, 10 जून 1890 रोजी, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली होती. एकमेकांना न ओळखणारी ही माणसे एकाच गोष्टीसाठी झगडत होती, हे ध्यानात घेण्याजोगे नाही काय?

वेलिंग्टनमध्येच 1888 सालचे आणखी एक लाकडी घर जतन केले आहे. तेथे लेखिका कॅथरिन मॅन्सफील्ड जन्मली. ते जपले हे योग्यच झाले. पण ते जपले गेले राहणाऱ्याच्या नावामुळे. वॉलिसच्या घराची मातब्बरी बांधणाऱ्याच्या हातात आहे. 1970 च्या दशकात ते पाडले जाण्याच्या बेतात होते. लोकांनी आवाज उठविला, म्हणून वाचले आणि पुढे त्याचे संग्रहालय झाले.

या वारशाला काळी बाजूही आहे, ती आम्ही झाकणार नाही. वसाहतीसाठी माओरी लोकांच्या जमिनी गेल्या, आणि फळ्यांसाठी शेकडो वर्षांच्या कौरी वृक्षांची राने तुटली. घर जपायचे तर ही गोष्टही त्याच्यासोबत सांगितली पाहिजे.

कोणी विचारील, माणसांना राहायला जागा नाही आणि तुम्ही जुन्या फळ्या कसल्या जपता? प्रश्न रास्त आहे. आमचे उभे आयुष्य कामगार वस्तीत गेले. गळके छप्पर म्हणजे काय ते आम्हांला पुस्तकातून शिकावे लागले नाही. पण याचे उत्तर सिडनीच्या बांधकाम मजुरांनी दिले. 1971 पासून जॅक मंडी यांच्या संघटनेने जुन्या वस्त्या पाडण्याच्या कामांवर बहिष्कार घातला. त्या घरांत कमी भाड्याने गरीबच राहत होते. घर वाचविणे आणि भाडेकरू वाचविणे ही त्यांच्या लेखी एकच लढाई होती, आणि तीपायी त्यांनी आपल्या रोजीवर पाणी सोडले.

आपल्या गावातही सुतार, गवंडी, पाथरवट यांनी बांधलेली घरे आणि चाळी आहेत. त्या सगळ्याच राखता येणार नाहीत, आणि मोडकळीला आलेल्या घरात माणसांना कोंडून ठेवणे हा वारसा नव्हे. पण पाडण्याआधी ते कोणी बांधले, कसे बांधले, आणि आत राहणारे कोठे जाणार, एवढे तीन प्रश्न तरी आपण विचारावेत. तिसऱ्याचे उत्तर मिळेपर्यंत पहार उचलू नये.